पाणी कोण देत होतं?

मुलांनो, आज आधी एक काम करा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवा आणि शेजारी बसलेल्या ताईचे, दादाचे नाहीतर आजोबांचे श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट मोजायचे. छाती वर आली आणि खाली गेली की झाला एक. पण एक अट आहे बरं का! ज्याचे मोजताय त्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो माणूस उगाच सावकाश, मोठे मोठे श्वास घ्यायला लागतो आणि तुमची मोजणी फसते. दवाखान्यातल्या सिस्टरसुद्धा हीच युक्ती करतात. त्या मनगट धरून नाडी बघताहेत असं आपल्याला वाटतं आणि त्यांचं लक्ष असतं आपल्या छातीकडं.

मोठ्या माणसाचे बारा ते वीस भरतील. तुमचे थोडे जास्त. पाळण्यातल्या बाळाचे तर तीस-चाळीससुद्धा. आता मिनिटाला पंधरा धरले तर दिवसाचे किती होतील? वहीत मांडा : १५ गुणिले ६० गुणिले २४. उत्तर येतं २१,६००. आपल्या जुन्या योगग्रंथांतही नेमका हाच आकडा सांगितलेला आहे. एवढं काम आपण रोज करतो, पण संध्याकाळी कुणी विचारलं, "काय रे, आज दिवसभर काय केलंस?" तर "श्वास घेतले" असं उत्तर कुणीच देत नाही. कारण ते काम आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

माझ्या वडिलांना ते एप्रिल २०२१ मध्ये कळलं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. न्हावऱ्याजवळ आमची वस्ती आहे, ऊस आहे, दोन म्हशी आहेत. करोनाची दुसरी लाट तेव्हा जोरात होती. नानांना पाच दिवस ताप होता, खोकला होता. सहाव्या दिवशी गोठ्यातून ओट्यापर्यंत येताना त्यांना धाप लागली. उसाची मोळी खांद्यावर घेऊन बांध ओलांडणारा माणूस, दहा पावलांत खांबाला धरून उभा राहिला. न्हावऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथं त्यांच्या बोटाला चिमटा लावला. आकडा आला ८४. तो एरवी ९५ च्या वर असावा लागतो. सिस्टरनी श्वास मोजले, ते भरले अडतीस. दिवसाचे किती झाले ते तुम्हीच काढा. माझं उत्तर ५४,७२० आलं.

तो बोटाचा चिमटा तेव्हा घरोघरी पोचला होता. तुम्हीही पाहिला असेल. रक्तात प्राणवायू भरपूर असला की रक्त लालभडक दिसतं आणि कमी असला की काळपट. चिमट्यातला उजेड बोटातून आरपार जातो, हा रंग ओळखतो आणि आकडा सांगतो. सुई नाही, टोचणं नाही. ही कल्पना १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या अभियंत्यानं मांडली. साऱ्या जगाची बोटं त्या चिमट्यात असताना, १८ एप्रिल २०२० ला हा माणूस गेला. आपल्याकडं फार थोड्यांनी ती बातमी वाचली असेल.

नुसते श्वास मोजण्यातही केवढं बळ आहे, ते आपल्या महाराष्ट्रातच दिसलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं खेड्यातल्या दायांसाठी एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. ज्या दायांना अंक फारसे मोजता येत नव्हते त्यांनी दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं आणि लगेच औषध सुरू करायचं. असं करून कितीतरी बाळं वाचली.

नानांचा लाल मणी कधीच सरकला होता. रुग्णवाहिका तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर करत पुण्याला गेली. दवाखान्याच्या दारात आम्हाला थांबवलं. आतल्या माणसाकडं एक पिशवी दिली. तिच्यात चष्मा, मोबाईल, टॉवेल, कवळीची डबी होती. चाकांची खुर्ची कोपऱ्यावरून वळली आणि मग एकोणीस दिवस आम्हाला नाना दिसले नाहीत. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आतल्या सिस्टरचा फोन यायचा, एवढाच काय तो धागा.

नाना घरी आले. त्या वर्षी किती घरांत माणसं परत आली नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढं डिसेंबर २०२१ मध्ये आमचे पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले. तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची आजी मे महिन्यात शहरातल्या दवाखान्यात गेली होती. ती म्हणाली, "बाई, तिथं तर कुणालाच सोडत नव्हते ना? मग माझ्या आजीला पाणी कोण देत होतं?"

मी तिला म्हटलं, "विचारून सांगते." तोंडाला येईल ते सांगून भागवण्यासारखा हा प्रश्न नव्हता. मी नानांना खोदून खोदून विचारलं. त्यांची सेवा केलेल्या सिस्टरचा नंबर होता, त्यांना फोन केला. सोलापूरकडच्या बाई, भल्या. ड्यूटी संपवून त्या तासभर माझ्याशी बोलल्या. जे कळलं ते तुम्हालाही सांगते. तुमच्यातल्याही कुणाच्या मनात हा प्रश्न दडून बसला असेल.

आपल्या फुप्फुसांत हवेचे बारीक बारीक फुगे असतात, तीस कोटींहून जास्त. सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर दीड-दोन वर्गखोल्या भरतील. हवेतला प्राणवायू तिथून रक्तात जातो. जंतूंनी हल्ला केला की या फुग्यांत पाणी नि घाण साचते. मग तो जंतू करोनाचा असो, फ्लूचा असो की न्यूमोनियाचा. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हाही हेच झालं होतं. फुगे भरले की उरलेल्या थोड्या फुग्यांवर सगळा भार पडतो. मग माणूस भराभर श्वास घेतो. छातीचे, मानेचे, पोटाचे सगळे स्नायू त्याच एका कामाला जुंपतात.

नाना मला म्हणाले, "आगं, घास गिळायचा का श्वास घ्यायचा, दोन्ही एका वक्ताला जमत न्हाई. कूस बदलायची म्हणलं तर आदी इचार करावा लागायचा, परवडंल का म्हनून."

त्यांच्या या बोलण्यात सगळं आलं. श्वास घेणं हेच ज्याचं पूर्ण वेळचं काम होऊन बसतं, त्याच्याकडं दुसऱ्या कशालाही शक्ती उरत नाही. पाणी पिणं, खाणं, कूस बदलणं, तोंड धुणं, बोलणं, लघवीला जाणं, भीती वाटली तर हाक मारणं, ही सगळी कामं मग दुसऱ्या कुणीतरी करायची असतात. ते करायला कुणी आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं. डॉक्टरांचं औषध जंतूंशी लढतं किंवा शरीराला लढायला मदत करतं. त्याला काही दिवस लागतात. ते दिवस काढून देणारी ही दुसरी मंडळी.

सर्वांत आधी प्राणवायू. आपल्या हवेत तो शंभरात एकवीस भाग असतो. आजारी फुप्फुसाला तेवढा पुरत नाही, म्हणून नळीनं जास्त देतात. आता जरा गणित करू. दवाखान्यात उभा असतो तो मोठा सिलिंडर. त्याला जम्बो म्हणतात. त्यात साधारण ७,००० लीटर प्राणवायू मावतो. एका रुग्णाला मिनिटाला दहा लीटर लागला तर सिलिंडर किती वेळ पुरेल? ७०० मिनिटं, म्हणजे ११ तास ४० मिनिटं. काही यंत्रं मिनिटाला साठ लीटर सोडतात. तिथं तोच सिलिंडर दोन तासही पुरत नाही. आणि वॉर्डात दहा लीटरवाले पन्नास रुग्ण असले तर? सिलिंडर चौदा मिनिटांत रिकामा! माझ्या चौथीच्या मुलांनी हे गणित सोडवलं आणि वर्ग एकदम गप्प झाला. "बाई, मग रात्री झोपतं कोण?" एकानं विचारलं. बरोबर विचारलं त्यानं.

म्हणून मोठ्या दवाखान्यांत द्रवरूप प्राणवायूची टाकी असते. शून्याखाली १८३ अंशांवर हा वायू पाण्यासारखा होतो आणि त्याच्या एका लिटरमधून सुमारे ८५० लीटर वायू निघतो. चाकणच्या कारखान्यांतून त्याचे टँकर निघायचे. त्या एप्रिलमध्ये तेही पुरेनात. १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी विशाखापट्टणमला गेली आणि भरून परत आली. 'ऑक्सिजन एक्सप्रेस' असं तिचं नाव पडलं. मधल्या काळात, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा काही वेळ थांबला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. टाकीपासून नाकापर्यंत वायू न थांबता पोचला पाहिजे. रात्री तीन वाजताही कुणीतरी जागं राहून काटा बघत बसावं लागतं.

नाकापर्यंत वायू पोचला तरी काम संपत नाही. हा वायू अगदी कोरडा असतो. नाक, घसा सुकून चिरा पडतात. म्हणून त्याला पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत नेतात. ती बाटली भरायची, तिचं पाणी बदलायचं, नळी कुठं वाकली नाही ना ते बघायचं. मास्कच्या पट्ट्या नाकाच्या हाडावर, कानामागं रुततात, तिथं जखम होऊ नये म्हणून कापूस किंवा पट्टी ठेवायची. ही कामं लहान दिसतात. पण कान दुखतो म्हणून रुग्णानं झोपेत मास्क ओढून काढला तर काही मिनिटांत आकडा ७० वर येतो.

आता पाण्याचं सांगते. नानांना पहिले काही दिवस घट्ट मास्क होता. पट्ट्यांनी आवळलेला, आतून हवा जोरानं ढकलणारा. तो तोंडावर असताना पाणी कसं पिणार? सिस्टर म्हणाल्या, "आम्ही आधी डोक्याकडची बाजू उंच करायचो. मास्क काढला की दोन चमचे पाणी, नजर त्या आकड्यावर. नव्वदच्या खाली आला की मास्क परत. पाच मिनिटं थांबायचं. मग दोन घास खिचडीचे. परत मास्क." एक वाटी मऊ खिचडी भरवायला पाऊण तास लागायचा. घाई केली आणि घास चुकून श्वासनलिकेत गेला तर आधीच भरलेल्या फुप्फुसात आणखी भर. आणि दोन्ही बाजूंना आणखी खाटा असायच्या, तिथंही अशाच वाट्या थांबलेल्या.

ज्यांना एवढंही जमत नाही, त्यांना नाकातून पोटात बारीक नळी घालतात. तिच्यातून पाणी, दूध, पातळ केलेलं अन्न ठरलेल्या वेळी देतात. पोटाला मिळतं, पण ओठ कोरडेच राहतात. मग काडीला कापूस गुंडाळून, ओला करून ओठांवरून, जिभेवरून फिरवतात. दिवसातून कितीतरी वेळा. तोंड स्वच्छ राहणं हे नुसतं बरं वाटण्यासाठी नसतं. तोंडातले जंतू खाली फुप्फुसात उतरू नयेत म्हणूनही असतं.

नानांना सगळ्यात नवल वाटलं ते पालथं झोपवण्याचं. "आयुष्यभर ऐकलं, पालथं झोपू नये. आन् हितं डॉक्टरच म्हणतात पालथं व्हा!" त्याचं कारण असं की फुप्फुसाचा बराच भाग पाठीकडं असतो. उताणं झोपलं की तो दबतो. पालथं झालं की तो मोकळा होतो आणि तिथले फुगे कामाला लागतात. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी याचा मोठा अभ्यास छापला. व्हेंटिलेटरवरचे अतिशय आजारी असे ४६६ रुग्ण त्यात होते. पालथं न करता ठेवलेल्यांपैकी महिनाभरात शंभरातले तेहतीस गेले. रोज सोळा तास आणि त्याहून जास्त वेळ पालथं ठेवलेल्यांपैकी शंभरातले सोळा गेले. म्हणजे निम्मे! यात नवं औषध कुठलंच नव्हतं. फक्त माणसाला उलटं करायचं होतं.

पण "फक्त" म्हणणं सोपं आहे. जागा असलेला रुग्ण स्वतः वळतो. त्याच्या छातीखाली, कंबरेखाली, नडगीखाली उशा द्यायच्या, मान एका बाजूला, थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला. नाना दिवसातून चार-पाचदा असे पालथे व्हायचे. मात्र ज्याच्या घशात नळी आहे आणि जो औषधानं झोपवलेला आहे, त्याला वळवायला पाच-सहा जण लागतात. एक जण नुसता डोक्याशी, दोन्ही हातांनी नळी धरून. तो म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी वळवायचं. नळी निसटली तर पुन्हा घालेपर्यंत श्वासच नाही. आणि हे सगळं डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकचा पोशाख चढवून! पुण्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. सिस्टर म्हणाल्या, हातमोज्यांतून घाम ओघळायचा, आणि पोशाख घातला की सहा-सहा तास त्या स्वतः पाण्याचा घोट घेत नव्हत्या.

झोपवलेल्या रुग्णाची आणखी कामं ऐका. त्याला खोकता येत नाही, म्हणून नळीतला कफ बारीक नळीनं ओढून काढायचा. त्याची पापणी मिटत नाही, म्हणून डोळ्यांत औषध घालायचं, नाहीतर डोळा सुकतो. एकाच कुशीवर राहिलं की पाठीला, टाचांना, कानांना जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी अंग हलवायचं. हातापायांचे सांधे आखडू नयेत म्हणून ते वाकवायचे, सरळ करायचे. आणि हे सगळं करताना त्याच्याशी बोलायचं! "काका, आता कुशीवर वळवतोय हं," असं. मी विचारलं, "झोपलेल्या माणसाशी?" सिस्टर म्हणाल्या, "ऐकू येत असेल तर? कुणी सांगितल्याशिवाय तुम्हाला उलटंपालटं केलं तर तुम्हाला चालेल का?"

आपल्या श्वासासाठी दुसऱ्यानं राबायचं, याची एक गोष्ट मला फार आवडते. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली. त्यात मुलांच्या छातीचे स्नायूच लुळे पडायचे. त्यांना श्वास देणारी यंत्रं दवाखान्यात अगदी मोजकी, आणि मुलं डझनावारी. ब्योर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या विवी नावाच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली, तिला रबरी पिशवी जोडली आणि पिशवी हातानं दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. मुलगी वाचली. पण पिशवी दाबणार कोण आणि किती दिवस? वैद्यकीय महाविद्यालयातले सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीनं पुढं आले. दिवसरात्र, कित्येक महिने. एका हातानं पिशवी दाबायची, दुसऱ्या हातात गोष्टीचं पुस्तक. समोर पडलेली मुलं पुस्तकापेक्षा त्या हाताकडंच बघत असतील, असं मला वाटतं. पूर्वी अशा आजारात दहातली नऊ मुलं जायची. त्या वर्षअखेरीला बहुतेक वाचायला लागली. आज प्रत्येक मोठ्या दवाखान्यात जो अतिदक्षता विभाग असतो, त्याची सुरुवात तिथं झाली असं मानतात. यंत्रं पुढं सुधारली आणि पिशवीची जागा व्हेंटिलेटरनं घेतली. बाकी सगळी कामं अजून हातांचीच आहेत.

म्हणूनच साथीत आपण खाटा मोजतो आणि व्हेंटिलेटर मोजतो, पण माणसं मोजायला विसरतो, याचा मला राग येतो. पुण्यात सीओईपीच्या मैदानावर ऑगस्ट २०२० मध्ये ८०० खाटांचं जम्बो रुग्णालय काही आठवड्यांत उभं राहिलं. मंडप असा उभा करता येतो. पण परिचारिका तयार व्हायला जीएनएमची तीन वर्षं लागतात, बी.एस्सी. नर्सिंगची चार. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागं एक परिचारिका असावी असं म्हणतात. त्या एप्रिलमध्ये हे गणित कुठंच सुटत नव्हतं.

आता त्या मुलीला मी काय सांगितलं? तिला मी बाहेर चिंचेखाली नेलं आणि खरं तेच सांगितलं. तुझ्या आजीच्या दवाखान्यात मी नव्हते. पण नानांना ज्यांनी पाणी दिलं तशा सिस्टर, तसे ब्रदर, तशा मावशी तिथं होत्या. त्यांनी चमच्यानं पाणी दिलं असेल, नाहीतर नळीनं, नाहीतर कापसानं ओठ ओले केले असतील. प्रत्येक वेळी मागताक्षणी मिळालं असेल असं मी म्हणत नाही. तेव्हा माणसं कमी होती आणि रुग्ण फार. थोडं थांबावंही लागलं असेल. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना आजीचं नाव माहीत असेल का?"

हे मात्र मला सांगता आलं. खाटेला नावाची पाटी असते. उलट आजीलाच त्यांची तोंडं दिसत नसणार. सगळे पांढऱ्या पोशाखात, डोळ्यांवर काच, तोंडावर मास्क. म्हणून पुष्कळ ठिकाणी परिचारिका स्वतःचं नाव मार्करनं छातीवर लिहून घ्यायच्या. नाना अजून सांगतात, "मला तोंड म्हाईत न्हाई, पण अक्षर वळखीन."

ही भीतीसुद्धा आजाराचाच भाग असते. श्वास पुरेना की जीव घाबरा होतो. घाबरला की श्वास आणखी भराभर चालतो आणि आणखी कमी पुरतो. त्या चक्रात अडकलेल्या माणसाला इंजेक्शनाआधी पुष्कळदा हात धरणारं कुणी हवं असतं. नाना एका रात्री असे घाबरले. तेव्हा एका तरुण ब्रदरनं खाटेशी उभं राहून त्यांच्याबरोबर श्वास मोजले. "आजोबा, माझ्याबरोबर. आत... बाहेर. आत... बाहेर." वीस मिनिटं. ते काही कुठल्या कागदावर औषध म्हणून लिहिलेलं नसेल.

घरच्यांनी काय करायचं, असं तुम्ही विचाराल. आत जाता येत नव्हतं तेव्हा माझ्या भाच्यानं एक केलं. सकाळी म्हशी सोडताना गोठ्यात मोबाईल धरला आणि सगळं ध्वनिमुद्रित केलं. घंटा, हंबरणं, आजीची हाळी, बादलीचा खणखणाट. सिस्टरनी तो आवाज नानांच्या कानाशी लावला. नानांनी तो इतक्यांदा मागितला की शेजारच्या खाटेवरचे गृहस्थही म्हशींना नावानं ओळखायला लागले. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी या वस्तूही आत पोचायला हव्यात. चष्मा नसेल तर आजोबांना घड्याळ दिसत नाही, दिवस की रात्र कळत नाही, आणि अशा वेळी डोकं लवकर भरकटतं. आमच्या घरातून फोन करणारं माणूस एकच ठरलं होतं, मी. पाच जणांनी पाच वेळा फोन केला तर सिस्टरनी खाटेपाशी कधी जायचं?

आता दवाखान्यात भेटायला सोडतात. मुलांना सगळीकडं सोडत नाहीत, त्यावर रुसू नका. सोडलं तर हात साबणानं धुवा, सर्दी असेल तर बाहेरच थांबा, आणि आत गेल्यावर आजारी माणसाला प्रश्न विचारू नका. तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला तीन-चार श्वास खर्चावे लागतात. तुम्हीच बोला. शाळेतलं सांगा.

नाना एकोणिसाव्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. दंड तर माझ्यापेक्षा बारीक. फुप्फुस भरून यायला वेळ लागतो आणि पडून राहून गेलेली ताकद त्याहून सावकाश येते, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं. महिनाभर रात्री घरी प्राणवायूचं यंत्र लावावं लागलं. वीज गेली की सगळं घर उठून बसायचं. बरोबर एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं. तीन नळकांडी, प्रत्येकात एक गोळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा की गोळ्या वर उचलतात. सावकाश ओढला तर एक, जोर असेल तर दोन, आणि फुप्फुस चांगलं उघडलं तर तीन. माझ्या भाच्यानं त्यांना शेजारी बसून ते शिकवलं. नळी नानांचीच, त्याला तोंड लावायचं नाही हे त्याला पक्कं बजावलं होतं, म्हणून तो नुसता पंचाचं काम करायचा आणि वहीत गुण लिहायचा. मे महिन्यात सगळीकडं एक. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन. तिसरी गोळी उचलायला जुलै उजाडला. तोवर ओढ्याकडच्या वावरात आडसाली उसाची लागण सुरू झाली होती आणि नानांनी ती बांधावर खुर्ची टाकून, बसूनच बघितली.